चाळीस किलो पारा

"घरात पारा आहे का?" फोनमधल्या डॉक्टरबाईंनी विचारलं आणि आईनं सरळ माझ्याकडं बोट केलं.

"हाय की. हा काय, दारातच हाय."

बाईंना ते बोट दिसलं नसणार. फोन आरोग्यखात्याच्या सुरेखाताईंच्या हातात होता, आणि त्यांनी तो असा धरला होता की मिरजेत बसलेल्या बाईंना आमच्या पत्र्याशिवाय काहीच दिसत नव्हतं. त्यात रेंज अशी की तिसरा शब्द गेला की मग चौथा यायचा.

माझं खरं नाव पार्वती. आधी सगळे पारू म्हणायचे. चौथीत एका पोराच्या कपाळावर कंपासपेटी बसली, तेव्हापासनं पारू गेली आणि पारा आला. हा शब्द पुल्लिंगी, म्हणून अख्खी गल्ली माझ्याबद्दल 'पारा आला, पारा चिडला, पारा जेवला का' असंच बोलायची. आईसुद्धा. त्यात कुणाला काही वेगळं वाटायचं नाही.

"पेशंटच्या जवळ असतो?" बाईंनी विचारलं.

"दिवसभर. ह्यांनीच लाडावून ठेवलाय. लहान होता तवा ह्यांच्या छातीवर झोपायचा. अजून एका ताटात जेवतो."

बाईंनी मान वर केली. मग म्हणाल्या, "ताटात?"

"मी किती येळा सांगितलं. ऐकतंय कोण?"

"साधारण किती असेल?"

आईनं मला डोक्यापासनं पायापर्यंत बघितलं, बाजारात बकरं बघतात तसं. "चाळीस किलो. जास्तीच असंल, कमी न्हाई."

बाईंनी चष्मा काढला. तेवढं मला दारातनं दिसलं. "ताई, आता नीट ऐका," त्या सावकाश म्हणाल्या. "यांचे हात त्याच्यामुळंच थरथरत असणार. पारा डोक्यात जातो."

"आमच्या बी जातो हो," आई म्हणाली.

"आजच्या आज तो घराबाहेर गेला पाहिजे. यांच्याजवळ एक तासभरसुद्धा नको. आणि यांची लघवी..."

तिथं रेंज गेली ती गेलीच.

ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं ते आबा, म्हणजे माझे वडील, भिंतीला टेकून बसले होते. दोन्ही हात मांडीखाली दाबून. आई माझ्याकडं वळली आणि मलाच म्हणाली, "ऐकलंस? डॉक्टर बी तेच सांगती. तुझ्या रागापायी बापाचे हात थरथरायला लागलेत."

ह्याला चार वर्षं झाली. मी तेव्हा पंधराची होते.

आबांचं नाव भैरू. आम्ही झारेकरी. सोनारांच्या दुकानातला केर, पायपुसणी, शेगडीतली राख, हात धुतलेलं पाणी, सगळं विकत घ्यायचं आणि त्यातनं सोनं काढायचं, हा आमचा धंदा. केर जाळायचा, कुटायचा, पाण्यात हलवून हलवून धुवायचा, आणि तळाला जो काळा गाळ राहतो त्यात जावई सोडायचा.

जावई म्हणजे ते चकचकीत, जड, पळणारं पाणी. गाळात हातानं मळलं की तो सोन्याचा कण न् कण खातो. मग फडक्यात पिळायचा, उरलेला गोळा मुशीत घालून शेगडीवर ठेवायचा. तापला की जावई उडून जातो आणि सोनं मागं राहतं. सोनं खातो, एका जागी ठरत नाही आणि जरा तापलं की निघून जातो, म्हणून जावई. त्याचं खरं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर सोनं धरत नाही, असं आज्ज्याच्या आधीपासनं चालत आलेलं. न घेता न घेता ते नाव आबांनासुद्धा ठाऊक राहिलं नव्हतं, आणि मला तर त्याला दुसरं नाव असेल असं कधी वाटलंच नाही. भाताचं खरं नाव काय, असं कोण विचारतं?

हे काम आबा मागच्या खोलीत करायचे. दार बंद, खिडकी बंद. वारा आला तर धूळ उडते, आणि धुळीत सोनं असतं.

दोन वर्षांपासनं त्यांचे हात थरथरायला लागले होते. आधी करंगळी, मग पंजा. चहा बशीत ओतायचे तर अर्धा मांडीवर. हिरड्यांतनं रक्त यायचं. आणि स्वभावच फिरला. भर बाजारात मोठ्यानं हाका मारणारा माणूस, दारात कुणी आलं की पोरीसारखा लाजून आत पळायचा. मधेच भडकायचा, मग स्वतःच रडायचा.

गल्लीनं निकाल लावून टाकला होता: भैरू प्यायला लागला. बापाच्या वळणावर गेला.

बापाच्या, म्हणजे माझ्या आज्ज्याच्या. सखाराम झारेकरी, गल्लीच्या भाषेत थरथऱ्या सखाराम. मी त्यांना बघितलं नाही. त्यांचा फोटोसुद्धा भिंतीवर नव्हता, ट्रंकेत तळाला पालथा घातलेला होता. आबांना त्यांच्या बापाचं नाव काढलेलं खपायचं नाही. मात्र पितरांचा पंधरवडा आला की पान वाढायचेच. आणि मेलेल्याला जे आवडायचं ते पानात ठेवायचं असतं, म्हणून आज्ज्याच्या पानात वडा, खीर आणि एक क्वार्टर असायची. कावळा कधी शिवायचा नाही. पत्र्यावर बसून बघायचा आणि उडून शेजारच्या पानावर जायचा. एका वर्षी आई म्हणाली, म्हाताऱ्याला क्वार्टर पुरत नसंल, पुढच्या साली खंबा ठेवा. तरी नाही.

असल्या बापाचा पोरगा म्हणून आबांनी कधी थेंबाला हात लावला नव्हता. मला ते माहीत होतं. नववीत गणिताचे सर म्हणाले, "बापासारखी झुलू नको, सरळ उभी राहा." मी डस्टर फेकला. तो सरांना लागला नाही, खिडकीला लागला, पण शाळा माझी त्या दिवशी संपली.

माझं डोकं गरम असेल, डोळे चांगले होते. गल्लीतला शंकर पक्का पिणारा. त्याचा हात सकाळी लटपटायचा आणि घोट गेला की थांबायचा. आबांचं उलटं. सकाळी बरा, आणि मागच्या खोलीतनं बाहेर आले की जास्त. मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "मग खोलीतच बाटली असणार," आणि खोली धुंडाळायला गेली. बाटली सापडली. पण ती जावयाची होती.

त्याच आठवड्यात मंडळाच्या कॅरमच्या यादीतनं आबांचं नाव गेलं. सव्वीस जानेवारीला आमच्या मंडळाची जोडी स्पर्धा असते. मागच्या दोन्ही साली आबा आणि मी जिंकलो होतो. गल्लीत आबांना कुणी काही म्हणो, बोर्डावर बसले की सगळे खाली वाकून त्यांच्या बोटाकडं बघायचे. तेवढीच एक जागा त्यांना राहिली होती. मंडळाचा अध्यक्ष बंडा म्हणाला, नियम आहे, पिणाऱ्यानं बोर्डाला हात लावायचा नाही. मी पावडरचा डबा त्याच्या डोक्यावर उलटा केला. त्यानं माझं पण नाव काढलं.

आबांनी फक्त आपला स्ट्रायकर फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकला. आज्ज्याच्या फोटोशेजारी.

मग सुरेखाताई आल्या. त्या आमच्या आशाताई. सरकारनं पन्नास घरांना हातात बांधायचे पट्टे दिले होते. काळा रबरी पट्टा, घड्याळासारखा, पण त्यात वेळच नाही. तो नाडी मोजतो, झोप मोजतो, हाताची थरथर मोजतो, वायरबियर काही नाही, सगळं आपोआप फोनमध्ये जातं आणि फोनमधनं मिरजेला. आईनं एकच विचारलं, "ह्यात दारू कळती का?"

ताईंचे अजून वीस पट्टे वाटायचे राहिले होते. "सगळं कळतं," त्या म्हणाल्या.

त्यांना स्वतःला पट्ट्याचं ॲप उघडायला येत नव्हतं. मी आबांच्या फोनवर घालून दिलं, पट्टा जोडून दिला. फॉर्मवर धंदा विचारला होता. आबांनी 'मजुरी' लिहायला सांगितलं. झारेकरी कुठल्याच कागदावर झारेकरी लिहीत नाहीत, घरात सोनं आहे असं लोकांना वाटतं. चार दिवसांनी मिरजेच्या बाईंचा तो फोन आला. थरथर, हिरड्या, लाजणं, सगळं विचारून झालं आणि मग त्यांनी पाऱ्याचं विचारलं.

तर मी घराबाहेर. मालूमावशीकडं, वारणाकाठी. बसमध्ये मी आबांकडं पाठ करून बसले. ते मला पोचवायला आले होते आणि दुपारच्या गाडीनं परत जाणार होते. इस्लामपूर गेलं तेव्हा खिशातनं चिक्की काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. हात थरथरत होता, चिक्की खाली पडली. मी उचलली नाही. मनात म्हटलं, बघ, मी शेजारी बसलेय म्हणून.

खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. राग येतो तो मला येतो आणि थरथरतात ते आबा, असं खरंच असेल तर?

मावशीकडं गेलो तर घरात वेगळाच गोंधळ. गुऱ्हाळ पेटलेलं, आणि काका, म्हणजे मावशीचा नवरा, ट्रॉलीवरनं पडून पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेले. कढईपाशी माणूस नाही. मावशी आबांना म्हणाली, "भाऊजी, आलाच हायसा तर चार दिवस ऱ्हावा." चार दिवसांचा महिना झाला.

आबा रसाच्या कढईपाशी उभे राहिले ते खूश झाले. आयुष्यभर जाळ बघून काम केलेला माणूस. फेस कसा फिरतोय, काकवी कुठं तार धरतेय, आठ दिवसांत त्यांना कळायला लागलं. गूळ करणारा म्हातारा गुळव्या म्हणाला, ह्या पाहुण्याला डोळा आहे. मी चिपाडं ओढायचे, आणि आम्ही दिवसभर भांडायचो. जाळ जास्त झाला म्हणून, कमी झाला म्हणून, मी गरम काकवीत बोट घातलं म्हणून. संध्याकाळी एका ताटात भाकरी आणि नवा गूळ. आई नव्हती बघायला.

झोपायच्या आधी मी पट्ट्याची रेघ बघायचे. सवयच लागली होती. ॲपमध्ये थरथरीची लाल रेघ असते. घरी ती करवतीसारखी दिसायची. दुसऱ्या आठवड्यात दात बोथट झाले. तिसऱ्या आठवड्यात आबांनी बशीतनं चहा प्यायला आणि मांडीवर एक थेंब पडला नाही. मी बशीकडं बघितलं, ते माझ्याकडं बघायला लागले.

"काय बघतीस?"

"मी शेजारी बसलेय," मी म्हटलं.

"मग?"

"मग थरथरत का न्हाई?"

त्यांनी हात पुढं धरला. बोटं वाऱ्यात पान हलावं तेवढीच हलत होती. आम्ही दोघं त्या हाताकडं बघत बसलो, जसा काही तो तिसऱ्याच कुणाचा आहे.

दुसऱ्या दिवशी काकांना ताप आला. मावशीकडं जुना काचेचा थर्मामीटर होता. पारा खाली झटकून दे म्हणाली. मी झटकला. पण मी सकाळपासनं विचार करून करून तापलेली होते, आणि मी जरा जोरातच झटकला. तो खाटेच्या लोखंडी पायावर बसला आणि फुटला.

"आगं बया, पारा सांडलास," मावशी ओरडली.

मी खाली बघितलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर बारीक चकचकीत गोळ्या पळत होत्या. एकमेकीला भेटल्या की एक होत होत्या, बोट लावलं की फुटत होत्या. मी त्यांना जन्मापासनं ओळखत होते.

"हा तर जावई," मी म्हटलं.

"कुणाचा जावई? पारा हाय तो. हात लावू नको, इख असतं म्हणतात."

मी तशीच बसले. मग मला हसायला यायला लागलं. मावशीला वाटलं तापाचा थर्मामीटर फुटला म्हणून पोरगी हसतेय, ती चिडली. मी पळत गुऱ्हाळावर गेले. आबा कढईवर होते. मी लांबनंच ओरडले, "मी न्हाई, आबा. मी न्हाई. जावई हाय तो."

त्यांना काही कळलं नाही. मी त्यांचा फोन घेतला, चिंचेच्या झाडाखाली जिथं रेंज यायची तिथं जाऊन ॲपमधनं बाईंना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं. जावई, गाळ, फडकं, मूस, शेगडी, बंद खिडकी.

बाई म्हणाल्या, "थांब थांब. म्हणजे हा पारा शेगडीवर तापवतात? बंद खोलीत?"

"व्हय."

"मग तुझ्या आईनं सांगितला तो? चाळीस किलो, ताटात जेवतो तो?"

"ती मी."

पलीकडनं आवाजच येईना. मला वाटलं रेंज गेली. मग कळलं की बाई हसतायत, आणि हसू आवरत नाहीये त्यांना. मग त्यांनी सांगितलं की, फोन झाल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन माणसं हातमोजे आणि लोखंडी पेटी देऊन आमच्या घरी पाठवली होती. दारात ती माणसं म्हणाली, पारा न्यायला आलोय. आईनं केरसुणी काढली. "माझा पारा बहिणीच्या घरी सुखात हाय, तुम्ही कोण नेणार?" म्हणत ती त्यांच्या मागं कोपऱ्यापर्यंत गेली होती. तेव्हापासनं आबांचा फोन लागत नव्हता आणि मिरजेहून तालुक्याला आणि तालुक्याहून मिरजेला कागद फिरत होते, की चाळीस किलो पारा कुणाच्या बहिणीकडं गेला.

मग बाई हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, "फोन बाबांना दे."

मी फोन स्पीकरवर टाकला. बाईंनी सगळं उलगडून सांगितलं. पाऱ्याची वाफ डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही, श्वासातनं जाते आणि मेंदूत बसते. हात थरथरतात, हिरड्या सुजतात, माणूस लाजरा होतो, चिडका होतो. लघवी तपासायला पाहिजे, पण रेघ खाली येतेय म्हणजे लांब राहिल्याचा गुण दिसतोय, चांगलं लक्षण आहे. "हे नवीन नाही, भैरूराव," त्या म्हणाल्या. "दोनशे वर्षांपूर्वी विलायतेत टोप्या करणारे कारागीर होते. सशाच्या केसांची टोपी करायची तर केसाला पाऱ्याचं औषध लावायला लागायचं. त्यांचे हात असेच थरथरायचे. लोक म्हणायचे पितात, वेडे झालेत. पोरं मागं लागायची. टोपीला काय लावतात, ते विचारायला फार उशीर झाला."

आबा ऐकत होते. झाडाच्या बुंध्यावर हात टेकलेला.  मग एकदम लहान आवाजात म्हणाले, "बाई, माझ्या बापाचे बी थरथरायचे."

"ते काय करायचे?"

"हेच. त्याच खोलीत."

"त्यांना तपासल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "पण मला एक सांगा. तुम्ही त्यांना पिताना कधी बघितलं होतं?"

आबांनी विचार केला. खरंच केला, कपाळाला आठ्या घालून, एक एक वर्ष मागं जावं तसा.

"न्हाई."

"तोंडाला वास?"

"न्हाई." मग म्हणाले, "सगळे म्हणायचे."

फोन ठेवल्यावर ते तिथंच बसले. गुऱ्हाळावरनं हाका येत होत्या, गूळ लागायला आला होता. मी म्हटलं, "आबा, कढई." ते म्हणाले, "मी त्यास्नी दारात घेत नव्हतो गं. शेवटी शेवटी. पिऊन आलास म्हणायचो." मग उठले, तोंड पुसलं आणि पळत जाऊन कढई उतरवून घेतली. त्या दिवसाचा गूळ जरा करपला. मावशीनं तो विकला नाही, आम्हालाच दिला.

घरी आलो तेव्हा आई दारातच उभी होती. मी तिला सांगितलं, पारा म्हणजे जावई, आणि त्या दोन माणसांना तू उगीच मारलंस. ती आधी माझ्यावर चिडली, मग तोंडाला पदर लावून आत गेली. जरा वेळानं आबांच्या पुढ्यात चहा ठेवला. कप काठोकाठ भरलेला. "प्या," म्हणाली, आणि समोर बसून त्यांचा हात बघत राहिली. महिन्यापूर्वी ती ह्याच हाताकडं बघून उठून जायची.

हातमोजेवाले परत आले. आईनं त्यांना पोहे केले, तरी दोघं दारापासनं लांबच बसले. त्यांनी जावयाच्या सगळ्या बाटल्या पेटीत घालून नेल्या. जाताना एकानं माझ्याकडं बघून विचारलं, "आणि हा चाळीस किलोचा?"

"हा ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "ह्याची सवय झालीय."

लघवीचा रिपोर्ट आला, त्यात पारा भरपूर. मी त्याची झेरॉक्स काढून मंडळाच्या फळ्यावर लावली, बंडाच्या नावाखाली. दोन दिवस सगळे येऊन वाचून जायचे. मग एका दुपारी गल्लीतलेच तिघं झारेकरी सुरेखाताईंच्या दारात जाऊन उभे राहिले, हात खिशात घालून. त्यांच्या मागनं बाकीचे आले, आणि ताईंचे उरलेले पट्टे संपले.

बंडानं आबांचं नाव परत लिहिलं. माझं लिहायला तयार नव्हता, पावडर अजून त्याच्या डोक्यात होती. आबा म्हणाले, "मग माझं बी पूस." लिहिलं त्यानं.

सव्वीस जानेवारीला आम्ही बसलो. आबांच्या हातात पट्टा तसाच. थरथर पूर्ण गेली नव्हती, बाईंनी सांगितलंच होतं, महिने लागतील. आबा स्ट्रायकर ठेवायचे, हात जरा हलायचा, ते थांबायचे, श्वास सोडायचे आणि मग बोट मारायचे. शेवटच्या बोर्डाला त्यांनी राणी घेतली आणि कव्हर राहिलं. अख्खी गल्ली वाकली होती. तेवढ्यात माझ्या खिशात आबांचा फोन वाजला. मिरजेहून बाई.

"पार्वती, बाबा कुठं आहेत? नाडी एकशे तीस दाखवतेय."

"कॅरमवर हायत, मॅडम. कव्हर राहिलंय."

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "मी थांबते."

आबांनी मारलं. सोंगटी कोपऱ्यावर जाऊन आपटली, मागं आली. गेली नाही. राणी परत बोर्डावर. मग समोरच्यांची पाळी, ते चुकले, आणि मी राणी आणि कव्हर एका दमात घेतलं. हे मी सांगणारच, कारण गल्लीत आता सगळे म्हणतात की ते आबांनी घेतलं.

आबांनी झारेकऱ्याचा धंदा सोडला. आता मोसमात वारणेकाठी गुळव्या म्हणून जातात, आणि त्यांना बोलवायला गाड्या येतात.

त्या साली पितरांचा पंधरवडा आला. आबांनी ट्रंकेतनं फोटो काढला, काच पुसली आणि भिंतीला लावला. आज्ज्याला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. माझ्यासारखंच कपाळ, चिडकं. आईनं पान वाढलं. वडा, खीर. मग सवयीनं म्हणाली, "अवो, बाटली आणायची ऱ्हाईली."

"नको," आबा म्हणाले. त्यांनी स्वतः केलेल्या गुळाचा एक खडा पानात ठेवला आणि पान घेऊन पत्र्याशी गेले. हात किंचित हलत होता, पण पानातलं काही सांडलं नाही.

त्यांनी पान ठेवलंसुद्धा नव्हतं. अजून त्यांच्या हातातच होतं. कावळा खाली आला आणि वडा सोडून तो गुळाचा खडाच घेऊन गेला.